गोवा राहिला त्याचं कारण

एकवीस एप्रिल. आज वर्षाची ज्वारी भरायची होती.

आदिलाबादच्या उन्हात हे काम सकाळी दहाच्या आत उरकावं लागतं, नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. दोन दिवस वाळवलेली ज्वारी मी पाखडत होते. शेजारी सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला होता. पत्र्याच्या कोठीत एक थर ज्वारीचा, एक पाल्याचा, असं चाललं होतं. सुका पाला हातात चुरला की कडसर, बंद कपाटासारखा वास येतो. तो नाकात गेला आणि दरवर्षीसारखी मी क्षणभर थांबले. ‘बाई, तुमी ज्वारी कायच्यात भरून ठेवता?’ हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी एकदा गोव्यातल्या एका घराच्या ओसरीवर विचारला होता, आणि मला त्याची लाज वाटली होती. आता त्या प्रश्नाची वाटत नाही. माझी वाटते.

सासरे तिथंच, जिन्याच्या माथ्यावरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मुलगी हैदराबादहून सुटीवर आली आहे, ती पाला निवडत होती. कंटाळली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “आबा, तुमच्यामुळे गोवा हुकला बरं! नाहीतर आज मी समुद्रावर असते, आणि ही ज्वारी तुम्ही एकटे पाखडत बसला असता!”

सासरे हसले. “हो माय,” म्हणाले, “माह्याच्यानंच राह्यलं ते.”

मी सूप खाली ठेवलं नाही. पाखडत राहिले.

हे समजण्यासाठी आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. रागानं नव्हे, मानानं. लग्न होऊन मी नेरडीगोंड्याच्या बाजूच्या त्यांच्या खेड्यात गेले तेव्हा सासूबाईंनी हे शिकवलं नाही, मला ते आपोआप कळलं. चहा झाला की मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, “चहा झाला.” कोणाला, ते भिंतीलाही ठाऊक असायचं. सासरे म्हणायचे, “पोरीले म्हणा, मीठ कमी हाय,” आणि ते ‘म्हणा’ ज्याला उद्देशून असायचं तो माणूस पुष्कळदा घरातही नसायचा. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे शहरात राहायला आले. मुलगी शाळेत, नवरा कामावर, घरात आम्ही दोघंच आणि एक मांजर. मग आमचा सगळा कारभार मांजराच्या मध्यस्थीनं चाले. ऑफिसात मी तहसीलदारांच्या टेबलावर हात आपटून भांडलेली बाई. घरी येऊन मांजराला सांगायची की आज डॉक्टरांकडे जायचं आहे, पाचला तयार राहा.

या रीतीला एक पोटकलम आहे, आणि माझी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. जे थेट आपल्याला सांगितलेलं नाही ते आपण ऐकलंच नाही, असं दोन्ही बाजूंनी धरून चालायचं. लहान घरात अब्रू राखण्याची ती सोय होती. मी नवऱ्याशी भांडायची, सासरे दोन हातांच्या अंतरावर बसून वर्तमानपत्र वाचायचे, आणि त्यांना काही ऐकू आलेलं नसायचं. इतक्या वर्षांत ही सोय माझ्या इतकी अंगवळणी पडली, की ते जवळ बसलेत म्हणून जीभ आवरावी असं मला वाटेनासंच झालं.

तर ते दिवस जिल्हा फुटण्याचे होते. तेलंगणा राज्य आधीच वेगळं झालं होतं. दोनेक वर्षांनी दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. लोकांनी आपट्याची पानं वाटली, आणि आम्ही महसुलाच्या माणसांनी मिसली वाटल्या. मिसल म्हणजे एकेका प्रकरणाची फाईल. निजामाच्या वेळेपासूनचा हा शब्द आमच्या दफ्तरात अजून रोज वापरात आहे. त्याआधीचे काही आठवडे मी जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होते. उटनूर, इंद्रवेल्ली, नेरडीगोंडा, हे आपल्याकडे. हा ढीग त्यांच्याकडे, तो तिकडे. काही मिसलींत अर्धं गाव इकडचं आणि अर्धे वारस तिकडचे निघायचे. जुना कागद दोरीखाली चुरायचा, पिवळी पूड हाताला लागायची, आणि संध्याकाळी धुऊनही नखांत राहायची. ढिगांबरोबर माणसंही वाटली जाणार होती. माझं नाव दूरच्या एका नव्या जिल्ह्याच्या यादीत आहे अशी कुजबुज होती. मुलगी नववीत. नवरा औषध कंपनीचा प्रतिनिधी, आठवड्यातले चार दिवस मोटारसायकलवर दवाखाने पालथे घालणारा. नेमक्या त्याच वेळी त्याला गोव्यातून विचारणा झाली. तिथल्या गोदामाचं काम, एका जागी बसून, पगार बरा.

सासऱ्यांना या वाटणीचं फार काही वाटलं नाही. ते म्हणायचे, “मी तं कुटं गेलोच नाई. जागच्या जागी बसून चार राज्यं पाह्यले.” ते खरंच होतं. जन्मले निजामाच्या राज्यात, शाळेत गेले हैदराबाद राज्यात, मिसरूड फुटली तेव्हा आंध्र प्रदेश झाला, आणि म्हातारपणी तेलंगणा. भाषेवर राज्यं झाली तेव्हा किनवटकडचा भाग महाराष्ट्रात गेला, आणि त्यांची थोरली बहीण त्या बाजूला दिलेली होती. ती गोष्ट ते माझ्या मुलीला सांगत. “दिवाळीले तिले आणाले गेलो. गाडी तेच, बैल तेच, रस्ता तेच. तिची सासू म्हने, काऊन रे, परराज्यातून आला का? मी म्हनलं, मायबाई, मी तं घरून आलो.” मुलगी हसायची. आतल्या खोलीत मीही हसायची, पण मला ते ऐकू आलेलं नसायचं.

मी मात्र त्यांच्यासारखी निवांत नव्हते. इथल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांवर आम्ही ‘मराठीवाळ्ळु’, म्हणजे मराठीवाले. नांदेडला माहेरच्या लग्नात गेलं की आम्ही ‘आंध्रावाले’, नंतर ‘तेलंगणवाले’. ‘करून राह्यलो’, ‘काऊन’ म्हटलं की तिथं पोरी पदराआड हसायच्या. म्हणून मी जीभ घासूनपुसून घेतली होती. पुस्तकातल्यासारखं बोलायची. गोव्याचं नाव निघाल्यावर माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट समुद्र नव्हती. तिथं मराठी वर्तमानपत्रं निघतात, मराठी शाळा आहेत, आणि तिथं आपल्याला जुनं ओळखणारं कोणी नाही, ही होती. एखादं लहान राज्य असावं, त्यात आपण नव्यानं, स्वच्छ अक्षरात आपलं नाव लिहावं. तुम्ही कधी गाव सोडायचा विचार केला असेल तर ही ओढ तुम्हाला सांगायला नको. माणूस नुसता चांगल्या पाण्यासाठी आणि पगारासाठी जात नाही. आपल्याबद्दल काहीच माहीत नसलेले शेजारी मिळावेत, यासाठीही जातो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं आठ दिवसांसाठी गेलो. सहलीला म्हणून सांगितलं, पण मी दाखल्याचा अर्ज तपासावा तसा गोवा तपासला. वहीत लिहीत गेले. राज्य एवढंसं, की सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस दुपारचं जेवण दुसऱ्या टोकाला घेतो. बसला हात केला की ती थांबते. पंचायतीत गेलं तर कारकून उभं राहून बोलतो आणि मंत्र्याचं घर बोटानं दाखवतो. सरकारी दवाखाना मोठा आणि चांगला, असं रिक्षावाल्यापासून भटजीपर्यंत सगळे सांगत होते. सकाळ-संध्याकाळ पाववाला भोंगा वाजवत दारात. दुपारी एकदा दुकानं मिटली की चारपर्यंत कोणाला काही विकायची घाई नाही. हे आधी मला आळस वाटलं आणि तिसऱ्या दिवशी शहाणपण. देवळाच्या मांडवात गावचीच माणसं मराठी नाटक करत होती, मास्तर राजा झाला होता आणि वाणी प्रधान. दुसऱ्या बाजूला हेही लिहिलं, की धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत, मीठ पाण्यासारखं सुटतं, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. नव्या माणसाला तिथलं म्हणवून घ्यायला पंधरा वर्षं लागतात, आणि तोवर तो ‘भायलो’, बाहेरचा. आमच्याकडे म्हणजे वाळवण ही अडचण कधी नव्हती. आमच्याकडे माणूसही चार दिवसांत वाळतो.

सासऱ्यांनी समुद्र आयुष्यात प्रथम पाहिला. मला वाटलं होतं, दुरून हात जोडतील. त्यांनी धोतराचा काचा वर खोचला, गुडघाभर पाण्यात गेले आणि तासभर तिथंच उभे राहिले. लाट आली की तोल सावरायचे आणि लहान मुलासारखे मागं वळून आमच्याकडे बघायचे, पाहिलं का म्हणून. नातीला म्हणाले, “एवढं पानी हाय अन् एक कापसाचं झाड नाई उगवत याच्यानं. पन पाहाले काय मस्त हाय.” पुढचे तीन दिवस रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन दाराशी बसायचे. नवरा म्हणाला, “बाबा इथं रमतील.” मी मान हलवली. मलाही तसंच दिसत होतं. तेव्हा पुढं जे मी केलं त्याला, मला ठाऊक नव्हतं, ही सबब नाही.

सातव्या दिवशी घर बघायला गेलो. लाल जांभ्याचं, दुमजली. वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. मालकीणबाई साठीच्या, केसांत अबोलीचा गजरा, बोलणं कोकणी आणि मराठी यांच्या मधलं, कानाला गोड. नवरा आणि मुलगी वरच्या खोल्या बघायला गेली. मी बाईंबरोबर ओसरीवर उभी होते, आणि सासरे शेजारच्या दगडी बाकावर टेकले होते. मी बाईंशी शुद्ध बोलत होते. यजमान औषध कंपनीत, मी महसूल खात्यात, मुलगी अभ्यासात चांगली. सगळं कसं छापील चाललं होतं. एवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, “बाई, तुमी ज्वारी कायच्यात भरून ठेवता? इतकी ओल हाय, तं कीड नाई लागत काय?”

बाई हसल्या. आता आठवून बघते तर ते हसणं साधं होतं. ज्वारी त्या घरात कधी भरलीच गेली नसणार. पण मला त्या हसण्यात नांदेडच्या पोरी दिसल्या. एका वाक्यानं सासऱ्यांनी माझं सगळं घासलेलं-पुसलेलं मातीत घातलं, असं मला वाटलं. बाईंनी त्यांच्याकडे हात करून विचारलं, “आनी हो म्हातारो?” म्हणजे, हे म्हातारबाबाही राहणार का?

मी म्हणाले, “छे, छे. ते नुसते फिरायला आलेत. गावाकडचे आहेत, तिकडंच राहतात. इथं आम्ही तिघंच.”

कोणी विचारण्याआधी पुढं हेही म्हणाले, “त्यांचा काही त्रास होणार नाही तुम्हाला.”

सासरे दोन हातांवर होते. तेवढंच अंतर, जेवढं घरी वर्तमानपत्र वाचताना असायचं.

बाई म्हणाल्या, अगो, मग राहू दे. मी खालची एक खोली आणखी देणार होते, म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला नको म्हणून. माझ्या आईलाही तशीच दिली होती. हे त्या त्यांच्या बोलीत अगदी सहज म्हणाल्या. परत घेता येईल असं माझं वाक्य नव्हतं, किंवा असेल, पण मी घेतलं नाही. सासरे उठले, अंगणातल्या विहिरीकडे गेले आणि आत वाकून पाणी बघत राहिले. नवरा वरून खाली येऊन आनंदानं म्हणाला, घर छान आहे. मी म्हटलं, हो.

त्यांनी काही ऐकलं नव्हतं. रीतच तशी. परतीच्या गाडीत त्यांनी नातीला पुरीभाजी भरवली, बोगदे मोजले, कोणाशी वाकडा शब्द नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मुलाला म्हणाले, “मले तं तिकडची हवा मानवत नाई बुवा. दम लागे. तुमी जा. मी गावी राह्यतो, पुतण्याजवळ.” नवरा चकित झाला. “बाबा, तुम्हाला तर समुद्र आवडला होता!” ते म्हणाले, “पाहाले आवडला. राह्याले नाई.” मी तेव्हा दाराआड भाकरी थापत होते. भाकरीची कड चिरली, मी पाण्याचं बोट लावून सांधली.

त्यांना वाटलं असणार, आपण बाजूला झालो की पोरांची वाट मोकळी. पण माझा नवरा त्यांचाच मुलगा. तो म्हणाला, बाबांना सोडून जायचं नाही. त्यानं गोव्याला नकार कळवला, आणि विषय मिटला. माझं नावही दूरच्या यादीत निघालं नाही, मी आहे तिथंच राहिले. सासरेही आमच्याकडेच राहिले. वरवर बघितलं तर कोणाचं काहीच बिघडलं नाही.

फक्त एक वाक्य घरात राहायला आलं. आबांमुळे गोवा राहिला. नवऱ्याचा पगार अडला की त्या संध्याकाळी ते वाक्य यायचं, रागानं नाही, पण यायचं. मुलीच्या मैत्रिणी सहलीला निघाल्या की यायचं. भावकीत पसरलं. आणि मी, जी कागदावरची एक खोटी नोंद सापडली तर अख्खी मिसल परत पाठवते, ती गप्प बसले. गप्प बसले हेही खोटं, मी ते वाक्य वापरलं. ऑफिसात कोणी विचारलं, गोव्याचं काय झालं, की मी म्हणायची, सासऱ्यांना हवा मानवत नाही ना. बायका माना हलवायच्या, आजकाल कोण एवढं करतं म्हणायच्या. चांगली सून म्हणून माझं नाव झालं. ते नाव मी आठ वर्षं अंगावर घालून हिंडले, हळदीकुंकवाला, लग्नांना, सगळीकडे. आणि ज्यांच्या जिवावर ते मिळालं ते जिन्याच्या माथ्यावर बसून म्हणतात, हो माय, माह्याच्यानंच.

आता त्यांना खरंच ऐकू येत नाही. गेल्या दोन वर्षांत कान गेले. जे इतकी वर्षं मानानं ऐकू येत नव्हतं ते आता आपसूक येत नाही. मांजर कधीच मेलं. जिल्हे नवे राहिले नाहीत, त्यांच्या पाट्यांचा रंगही उडाला, आता लोकांना जुना, एकच मोठा जिल्हा समजावून सांगावा लागतो. सरहद्दी सरकतात आणि लोक त्यांना सरावतात, हे सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं. मिसल चुकून दुसऱ्या ढिगात गेली तर चार पत्रं लिहून परत मागवता येते, तेही मी केलं आहे. पण एखाद्या माणसाला आपण ओसरीवर उभं राहून चार वाक्यांत घराबाहेर काढलं, तर त्याला परत आत घ्यायचा कागद कुठल्या दफ्तरात मिळतो, ते मला ठाऊक नाही. तो माणूस तुमच्याच घरात, तुमच्याच हातची भाकरी खात असला तरी. मनात मी त्यांची माफी पुष्कळदा मागितली आहे. ती फुकटची असते. आज गच्चीवर ते हसले तेव्हा मला कळलं, की ते एक दिवस हे वाक्य घेऊनच जातील. आणि मुलगी आपल्या पोरांनाही तेच सांगेल.

कोठीचं झाकण लावून मी खाली आले. हे लिहीत बसले.

बावीस एप्रिल. सकाळी चहा केला. रोज मुलगी नेते, आज मी नेला. सासरे पुढच्या खोलीत होते, नवरा दाढी करत होता, मुलगी अंथरुणात फोन बघत होती. मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले. ते गोंधळून माझ्या मागं बघू लागले, कोणी तिसरं आहे का म्हणून. मी म्हणाले, “मामाजी.” लग्नानंतर पहिल्यांदा. मग त्यांच्या कानाशी, शेजारच्यांच्या अंगणात जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, “गोवा तुमच्यानं नाई राह्यला. माह्याच्यानं राह्यला. त्या बाईले मी सांगतलं का हे आमच्यात नाई राह्यत म्हनून. तुमी आयकलं होतं.”

नवरा तोंडाला साबण तसाच घेऊन दारात आला. मुलगी उठून बसली.

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता नातीला म्हणाले, “तुह्या मायले इचार, मंग आतापर्यंत काऊन नाई सांगतलं.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी त्यांनाच उत्तर दिलं, “लाज वाटे, मामाजी.”

त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.